यांचं पोट अन् वनिताचं लिव्हर

२८ एप्रिल
संभाजीनगरहून आत्ता आलो. वनिताचं, माझ्या नणंदेचं, लिव्हर पार कामातून गेलंय. घरात रक्तगट जुळला तो एकट्या यांचा. हे लगेच म्हणले, "माझ्यातलं घ्या." पण यांचेच रिपोर्ट खराब! एसजीपीटी वाढलेलं, ट्रायग्लिसराइड वाढलेलं, लिव्हरवर चरबी.
"दारूच्या थेंबाला शिवलो न्हाई हो मी!"
डॉक्टर यांच्या पोटाकडंच बघत होते. "आधी हे उतरवा. दोन-अडीच महिने आहेत, जास्त थांबता यायचं नाही."
वाईट वाटलं. पण खोटं कशाला लिहू, जिवात जीव पण आला. यांचं ऑपरेशन टळलं तर...

३ मे
साखर कारखान्यातला माणूस अन् बिनसाखरेचा चहा! एरंडेल पाजल्यासारखं तोंड केलं, पण प्याले. सकाळी अंकुशनगरच्या रस्त्यानं चालून राह्यले. दूधवाला विचारतो, "साहेब, गाडी बंद पडली का?"

३१ मे
माहेरी, पिंपळगावला. धोंड्याचं जेवण. आईनं पुरणाचे धोंडे केल्ते, वर तुपाची धार. यांनी हातच जोडले. "मामी, एकच खातो. तूप नको."
आई रुसली. "तीन वर्सातून एकदा येतो धोंड्याचा महिना. जावई अर्धपोटी उठला तं गाव काय म्हणंल मला?"
मी मधी बोलणार, तं हेच म्हणले, "मामी, वनिताला द्यायचंय हो. खराब कसं देऊ?"
आई उठली. ज्वारीची भाकर थापाया बसली, डोळे पुसत पुसत.
इतका अभिमान वाटला मला! पुरणाच्या वासानं जीव कासावीस झाल्ता यांचा, दिसत होतं. अन् मी बारा वर्षं ओरडले तं म्हणायचे, "खात्यापित्या घरचं पोट आहे." बहिणीसाठी बघा कसं जमलं. जळते मी जराशी. जळू दे.

१४ जून
वाटूरला वनिताकडं. डोळे पिवळेधम्मक. यांना म्हणली, "दादा, किती वाळलास रे." हे म्हणले, "तुझा वाटा साफ करून राह्यलो." हसली बिचारी. बाहेर आल्यावर हे गाडीला टेकून रडले. मी पाणी दिलं.

७ जुलै
एसजीपीटी बराबर. ट्रायग्लिसराइड बराबर. चरबी जवळजवळ गेली. डॉक्टरांनी पाठ थोपटली यांची. वाघ आहे माझा माणूस! सगळ्या दवाखान्याला ओरडून सांगावं वाटलं.
मंग डॉक्टर माझ्याकडं वळले. "आता तुमची संमती पाहिजे, ताई."
धडधाकट माणसाचं पोट फाडायला मी हो म्हणायचं. पोरगी सात वर्षांची आहे आमची. न्हाई म्हणलं तं वनिताला दुसरं कोणीच न्हाई.
घरी येताना हे म्हणले, "तू न्हाई म्हणलीस तं मी रागावणार न्हाई. बिलकुल न्हाई."
रागावतो म्हणले असते तं भांडले तरी असते. आता कोणाशी भांडू? सकाळी दहाला बोलावलंय सहीला.