झाकणाच्या आतलं नाव

१० नोव्हेंबर २०२४, रविवार
आज धुळ्याहून सामान आलं आणि दुपारपर्यंत लागलंसुद्धा. सहा महिने अडकलेली बदली शेवटी झाली. खोली वरच्या मजल्यावर आहे. दोन्ही बाजूंनी हवा येते आणि टेबलासाठी खिडकीजवळ चांगली जागा आहे. घरमालकीण यशोदाबाईंनी भरीत आणि कळण्याची भाकरी पाठवली. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

जळगाव मागून घेतलं ते दीपमालासाठी. धाकटा भाऊ प्रशील एप्रिलमध्ये गेल्यापासून ती एकटीच आहे. मोठा दीर गावात असला तर तिला आधार होईल. मलाही थोडं बरं वाटेल. मार्चमध्ये प्रशीलने तिच्यामार्फत तीनदा निरोप पाठवला होता, दादाला म्हणावं ये आणि माझा गेम दुरुस्त करून दे. मार्चअखेरचं काम होतं. मी गेलो नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार
दीपमाला गेमचा कन्सोल घेऊन आली. जुना, काळा, जड. दीड वर्षापूर्वी लोटननानांनी प्रशीलला तो फुकट दिला होता, म्हणाली. लोटननाना म्हणजे आमच्या वडिलांच्या, आबांच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातले जुने कारागीर, आता असोद्याला राहतात. त्यांचे हात तेव्हा लुळे पडले होते. मग अचानक बरे झाले, म्हणून सगळ्यांना आनंद झाला होता.

प्रशीलचा आजार त्यानंतरचा. आधी उजवा अंगठा बधिर झाला, मग हात, मग वाचा गेली. तीन डॉक्टरांनी तीन नावं सांगितली.

१७ नोव्हेंबर, रविवार
सकाळी कन्सोल उघडला. धूळ भरपूर, लेन्स झिजलेली, तिची रिबन केबल सैल. पण बंद पडायचं कारण वेगळंच होतं. बोर्डावरची तांब्याची एक रेघ ब्लेडने कापली होती. उंदराचं काम नाही, सरळ काप आहे. तिथे केसाएवढी तार जोडायला भिंग लागतं आणि हात स्थिर लागतो. आबांच्या हाताखाली हे काम आम्हा चौघांनाच जमायचं: लोटननाना, दुकानातला माझ्या बरोबरीचा भूपेंद्र, मी आणि प्रशील.

झाकणाच्या आत पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर बॉलपेनने ‘प्रशील’ लिहिलेलं. धुळ्याच्या दुकानात आबांचा तो नियमच होता. सेट चालू झाला की झाकण लावायच्या आधी आतून स्वतःचं नाव लिहायचं. पुढे तक्रार आली तर आपलं काम नाकारता येऊ नये. नाव न लिहिता झाकण लावलं तर आबा पुन्हा उघडायला लावायचे.

२४ नोव्हेंबर, रविवार
चालू झाला. रेघ जोडली, रिबन बसवली. चकतीचा भरवसा नव्हता म्हणून पेन ड्राइव्हवरून गेम चालतील असं मेमरी कार्ड तयार केलं. नव्या टीव्हीला जोडायला छोटा अडॅप्टर आणला. प्रशीलच्या नावाखाली माझं नाव लिहिलं, ‘रविंद्र’, आणि झाकण लावलं. त्याचं राहिलेलं काम झालं.

यशोदाबाई कपडे वाळत घालता घालता दारातून म्हणाल्या, “रविभाऊ, चाळिशीत गेम खेळता? उद्या मुलीकडचे आले तर काय सांगू, नवरदेव लेव्हल पार करून येतो म्हणून?” मी हसलो. आबा गेल्यानंतर बहुतेक पहिल्यांदाच मोठ्याने हसलो.

प्रशीलचा आवडता गेम लावला. दोन माणसं पडक्या शहरातून चालत जातात. दुसरा कंट्रोलर जोडला नव्हता, तरी दुसरा माणूस पडद्यावर होता.

२६ नोव्हेंबर, मंगळवार
ऑफिसातून आल्यावर पुन्हा लावला. दुसरा माणूस आजही होता. सेटिंगमधला दोष असेल म्हणून बराच वेळ शोधलं, सापडला नाही. त्याचे दोन्ही हात खाली लोंबत होते. डावा खांदा किंचित वर. प्रशील तसाच उभा राहायचा.

आमच्या घरात भूतखेत कोणी मानलं नाही. मीही मानत नाही. तरी मी त्याची माफी मागितली. मार्चबद्दल.

१ डिसेंबर, रविवार
त्याने आज हात वर केला. नंतर बोटं हलवली. मला इतका आनंद झाला की दीपमालाला फोन करणार होतो, मग आवरलं. तिला काय सांगणार.

चहाचा कप हातातून पडला. उजव्या अंगठ्याला कळतच नाही. सोल्डरिंगचं गरम आयर्न धरून धरून झालं असेल.

४ डिसेंबर, बुधवार
तो निघून गेला. दोन्ही हात हलवत चालत पडद्याच्या कडेपर्यंत गेला आणि बाहेर पडला. मी हाका मारल्या. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

माझा माणूस एकटाच राहिला आहे. त्याचा उजवा हात खाली लोंबतोय.

८ डिसेंबर, रविवार
अंगठ्याला सुई टोचून पाहिली. काही नाही.
झाकण उघडलं. पट्टीवर प्रशीलचं नाव नाही. खोडलेलं नाही, पुसलेलं नाही, पेनाचा दाबसुद्धा नाही. फक्त ‘रविंद्र’.
पट्टी काढून जाळली.

९ डिसेंबर
पट्टी जागेवर आहे.

११ डिसेंबर, बुधवार
रजा टाकून असोद्याला गेलो. लोटननाना भाजलेली वांगी सोलत होते. गरम साल, भरभर बोटं. मी अंगठा दाखवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, “पट्टी मी बी जाळी व्हती. सकायले परत तठेच.” प्रशीललाच का दिला, विचारलं. पुढचं वांगं उचलत म्हणाले, “नाव लिखनारा दुसरा कोन व्हता? माले बी जगनं व्हतं भाऊ.”

मग जेवून जा म्हणाले.

१५ डिसेंबर, रविवार
डाव्या हाताने लिहितोय. जीभ जड झाली आहे.

दीपमालाला विचारलं, ती रेघ कोणी कापली. ती म्हणाली, त्यांनीच, डावा हात चालत होता तोवर. चालू असलेली वस्तू दादा उघडणार नाही, असं म्हणाले होते. मग तिने पाकिटातून एक कागद काढून दिला. त्याने शेवटी लिहिलेला. तिला वाटलं होतं, भावाच्या प्रेमाने लिहिलंय, म्हणून जपून ठेवला.

‘दादाने नाव लिहिलं की मी सुटेन. तो लिहिणारच.’

ती रडत होती. मी तिला काही सांगितलं नाही.

नऊ महिने मी रोज स्वतःला बोल लावला. तीनदा बोलावलं आणि गेलो नाही म्हणून. गेलो असतो तर आज तो असता आणि मी गेलेलो असतो. त्याने हिशोब बरोबर केला होता. फक्त माझं मार्चअखेरचं काम त्यात नव्हतं.

मी त्याला सायकल शिकवली. सोल्डरिंग मीच शिकवलं, आबांनी नाही.

२२ डिसेंबर
वाचा गेली. यशोदाबाईंशी वहीत लिहून बोलतो.

भूपेंद्रला चाळीसगावला मेसेज केला. ये, गेम बिघडलाय, मला जमत नाही.

रेघ मी पुन्हा कापली. का, ते लिहीत नाही.

२९ डिसेंबर, रविवार, सकाळ
भूपेंद्र आला. स्वतःचं सोल्डरिंग आयर्न घेऊन. दोन्ही मुलींचे फोटो दाखवले, धाकटी पहिलीत गेली. माझा हात हातात घेऊन बसला. मग म्हणाला, “रव्या, ही रेघ कोणी कापली रे? आबा असते तर आधी तुझ्या कानाखाली वाजवली असती.”

वही मांडीवर आहे. त्याच्याशी लिहूनच बोलतोय. दोनच शब्द लागतील. नाव नको—

रेघ जोडली. किती स्वच्छ काम.

टीव्हीवर चित्र आलं. माझा माणूस उभा आहे. हात—

भूपेंद्र विचारतोय, काय लिहितोस एवढं, दाखव. नंतर, अशी मान हलवली. मीच हलवली.

आता दाखवतो. वही फिरवली की झालं. एवढंच तर—

माझ्या नावाखाली लावायला नवी पट्टी फाडतोय तो. आबांची आठवण काढतोय, हसतोय. प्रशीललाही असंच वाटलं असेल का, माझ्यासाठी, निदान एकदा तरी—

त्याने पेनाचं टोपण काढलं

उजव्या अंगठ्याला कागद लागतोय. खरखरीत. थंड. भूप्या, थांब, मी सांगणारच हो