जाड पट्टा, बारीक पट्टा आणि तुमचे बंधू

ती. वन्सं यांस,

साष्टांग नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे बहुतेक सारे ठीक. तुमचे गुडघे कसे आहेत? (तेल लावता, की बाटली नुसतीच कपाटात ठेवून तिच्याकडे बघता?)

पुढल्या महिन्यात तुमच्या भाचीची अग्निशमन दलाची चाचणी आहे. आडव्या दांड्याला लटकून तीनदा हनुवटी दांड्याच्या वर न्यायची. पोर लटकते छान, वाळत घातलेल्या टॉवेलसारखी. वर मात्र जाईना. तिची मैत्रीण म्हणाली, दांड्याला रबरी पट्टा अडकवून त्यात पाय ठेवायचा, तो वर ढकलतो. म्हणून मी दुकानात गेले, तर तिथे पाच जाडीचे पट्टे! दुकानदार म्हणाला, "ताई, नवशिक्याला जाड घ्या." म्हटलं, महाग तोच घ्या म्हणणार हा! पोर काडीसारखी, तिला काडीसारखा पट्टा पुरे, असं मॅट्रिकचं डोकं चालवून सगळ्यांत बारीक उचलला. (साधी गाळणी घेतानाही मी उजेडात धरून भोकं बघते, मला कोण फसवणार?)

पोरीने पाय ठेवला, तशी ती पट्ट्यासकट खाली आली. आठ दिवस मी शेजारी बसून नामस्मरण केलं, पण देवालाही तिला उचलवेना.

शेवटी तोंड पाडून पुन्हा दुकानात. दुकानदार हसलासुद्धा नाही, ते जास्त लागलं. म्हणाला, "पट्टा जाड तितका भार जास्त उचलतो, ताई. बळ येईल तसा बारीक लावायचा." म्हणजे माझा पट्टा चुकीचा नव्हता, नुसता घाईने आला होता! तीन आठवड्यांत पोर जाडावरून त्याच बारीकवर आली.

जाड रिकामा पडलेला पाहून काल तुमचे बंधू "बघू तरी" म्हणत त्यात पाय घालून लटकले. वर गेले झकास. उतरायचं कसं, ते विचारलं नव्हतं. अधांतरीच पाय सोडवला. पट्ट्याने सणसणीत थोबाडीत दिली. ओठ वांग्याएवढा सुजलाय. (मी समोर हसले नाही. देवघरात जाऊन हसले.)

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. आज सकाळी पोरीने बिनपट्ट्याचे तीन काढले. मी दोनदा मोजले.

ता. क. आणखी एक. चाचणीचं तुमच्या बंधूंना ठाऊक नाही. त्यांना वाटतं, पोर उंची वाढवतेय. "आगीत पोर घालणार नाही," असं ते पूर्वीच बोलून बसलेत. तुमच्यापुढे त्यांचं काही चालत नाही. तेव्हा तुम्हीच येऊन सांगा, आणि उद्याच्या उद्या या. तूर्त त्यांना उलट बोलता येत नाही.