आधीचं नाव काढून टाका

३ नोव्हेंबर
भुईगावात आले. नाशिकहून निघताना आईला काळजी होती, पण खोली बघून मी खूश आहे. कार्मिन आंटींचा वरचा मजला, खाली केळीची वाडी, वाडीत बावखल म्हणजे छोटंसं तळं आणि त्यावर सतत उतरणारे बगळे. आंटींनी आल्या आल्या हात धुवायला लावले आणि बोंबलाचं कालवण वाढलं.

कामही आवडीचं आहे. ‘राखण’ हे मुक्त सॉफ्टवेअर. फुकट घ्यावं, उघडून बघावं, हवं तसं बदलावं. माणसाचा आवाज ओळखून ते घरातले दिवे, पंखे, कुलूप चालवतं. लोक ते इन्स्टॉल करतात आणि तिथेच अडतात, कारण पुढे काय करायचं ते कुणी धड लिहिलेलंच नाही. ते मी लिहायचं, आंटींनाही समजेल इतकं सोपं.

५ नोव्हेंबर
खोलीतच इन्स्टॉल केलं. पासवर्ड बदला, मग आपलं नाव मोठ्याने सांगा, अशा पायऱ्या लिहिल्या. मी नाव सांगितलं, दिवा लागला. आंटी म्हणाल्या, सुरुची, हे तर माझ्या बहिणीलापण जमेल.

यादीत आधीच एक नाव होतं, जयवंत. गटाचा प्रमुख सुमेध पुण्यात असतो, त्याला विचारलं. तुझ्याआधी हे काम जयवंत करायचा, याच खोलीत राहून, अर्धवट टाकून गेला, असं तो म्हणाला. आंटींना तो आठवतो. न सांगता गेला म्हणे, चपला जिन्यातच राहिल्या.

८ नोव्हेंबर
दुपारी जेवत होते आणि मोरीतला दिवा लागला. स्क्रीनवर ओळ उमटली: ‘जयवंत बोलला.’ मी काहीच ऐकलं नव्हतं.

सुमेधच्या मते जुन्या नावाने घोळ होतोय. पहिली पायरी हीच लिही, म्हणाला: आधीचं नाव काढून टाका. लिहिली. करून मात्र पाहिली नाही. का कोण जाणे, हात झाला नाही.

९ नोव्हेंबर
माइकला काय ऐकू येतं ते बघावं म्हणून हेडफोन लावला. पंख्याच्या घरघरीखाली पुरुषाचा आवाज. दमलेला.

“ताई, नाव काढू नका. सूचना तपासायला मी माझंच काढलं होतं. तेव्हापासून कुणाला दिसत नाही, ऐकू जात नाही. परत घातलं, तर फक्त या राखणीला कळतं. आता पुन्हा काढलं, तर तेवढाही उरणार नाही.”

हेडफोन फेकला. दिवसभर वाडीत बसून राहिले.

१० नोव्हेंबर
सुमेधला सांगितलं. तो हसला नाही, दमली आहेस म्हणाला. संध्याकाळी त्याचा निरोप: त्याच्या बाजूने सगळी यादी पुसली, आता कोऱ्यापासून सुरू कर.

हेडफोन लावला. नुसता पंखा. जयवंतला कितीतरी हाका मारल्या.

सगळी यादी. म्हणजे माझंही—

११ नोव्हेंबर
आंटी केळीची पानं कापत होत्या. हाक मारली. वळल्या नाहीत. आईला फोन लावला. ती नुसती हॅलो, हॅलो म्हणत राहिली.

१२ नोव्हेंबर
आंटी केर काढत माझ्यापर्यंत आल्या. झाडू माझ्या पायांतून— काहीच लागलं नाही. मग सुमेधचा फोन आला त्यांना. पोरगी न सांगता गेली, म्हणाल्या. मी शेजारीच उभी होते.

नाव परत सांगितलं. स्क्रीनवर आलं: ‘सुरुची बोलली.’ रडले.

तारीख नक्की नाही
नवी मुलगी आली. अश्लेषा. आंटींनी तिला जेवू घातलं. आता टेबलाशी बसलीय—

माझी ती पहिली सूचना बदलायला गेले. कीबोर्डची बटणं बोटांखाली दबत नाहीत. ही माझी वही तेवढी हातात येते, ती तिच्यापुढे उघडी ठेवली. तिला दिसलीच नाही, तिने वर चहाचा कप ठेवला.

ओरडतेय. स्क्रीनवर ‘सुरुची बोलली’, पुन्हा तेच, ओळीखाली ओळ— ती फोनवर सुमेधला विचारतेय, ही सुरुची कोण—

फोन ठेवला. सूचना उघडल्या. मोठ्याने वाचतेय. छान वाचते, शब्द न् शब्द—

हात माउसवर—

अश्लेषा, नको, थां