जशी होती तशी

आष्टी, शुक्रवार

प्रिय देवानंद,

गळाला लागलेली मरळ तुझ्या दोन्ही हातांत होती आणि तू मला म्हणत होतास, फोन आडवा धर, शेपटी कापली जातेय. मी फोन आडवा धरला. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. हात तू आधी पाण्यात भिजवून घेतले होतेस, कारण कोरडा हात लागला की तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो. गळाची उलटी अणी तू घरीच पकडीने दाबून टाकली होतीस, म्हणजे काढताना जबडा फाटत नाही. ओल्या फडक्यावर ठेवून तू तिची लांबी घेतलीस. मग गुडघाभर पाण्यात उतरलास, पोटाखालून धरून तिला हळूहळू पुढेमागे हलवलंस, कल्ल्यांतून पाणी वाहू लागेपर्यंत, आणि हात उघडलेस. ती गेली. तू माझ्याकडे वळून म्हणालास, "गेली बघ. जशी होती तशी."

काठावर भोईवाड्यातली गिरिजाबाई जाळ्यात अडकलेलं शेवाळ काढत बसली होती. तिने कपाळाला हात लावला. "आगं बाई, सोडली? साहेबाचा उपास हाय का आज?" तू हसून म्हणालास, मावशी, आपल्याला जीव घ्यायचा नाही. "मंग धरली कशाला? मुका घ्यायला?" तिच्याजवळच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तूही हसलास. "आमच्या कालवणात पडली असती तं तुमचं नाव घेऊन जेवलो असतो की," ती म्हणाली आणि पुन्हा जाळ्याला लागली. तू मला हळूच म्हणालास, हिला नाही कळायचं.

मी तेव्हा पाण्याकडे बघत होते. दुधना नदीच्या धरणाच्या फुगवट्यावर काय बघायचं ते तूच मला शिकवलं होतंस. पावसाळ्यात मरळीची पिल्लं घोळक्याने फिरतात. लाल, काडीएवढी. श्वास घ्यायला सगळी एकदम वर येतात, तेव्हा तेवढ्याच जागी पाण्याला उकळी आल्यासारखं दिसतं. त्यांच्या खाली आईबाप असतात. त्या उकळीवर गळाला लावलेला रबराचा बेडूक टाकायचा. मरळीला तेव्हा भूक नसते, राग असतो, आणि रागात ती रबरही तोंडात घेते. हे तू मला कौतुकाने सांगितलं होतंस. तू फडक्यावर तिची लांबी घेत होतास तेव्हा त्या जागी पाणकावळे उतरले. ते बुडी मारत होते, वर येऊन मान झटकत होते, पुन्हा बुडी मारत होते. तू तिला सोडलंस तोवर पाणी सपाट झालं होतं. मी तुला सांगितलं. तू म्हणालास, पिल्लं हजारो असतात, संध्या. आणि नर असतोच की खाली.

ही ऑगस्टमधली गोष्ट. त्यानंतर मी आष्टीला आईकडे राहायला आले. शाळा जवळ पडते, जालन्याहून रोजचं जाणं-येणं झेपत नाही, असं आपण दोघांनी सगळ्यांना सांगितलं. आई काही विचारत नाही. सकाळी माझा डबा भरते, संध्याकाळी तो उघडून बघते. दिवाळीची सुट्टी संपली आहे. वर्गातली निम्मी बाकं रिकामी आहेत. मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली, काही अंकुशनगरच्या कारखान्याकडे, काही फार लांब. हजेरी घेताना मी त्यांचीही नावं वाचते. "गेला, म्याडम," मागून कुणीतरी ओरडतं. त्या मुलांचं मला वाईट वाटतं, पण या दिवसांत मला त्यांचा हेवाही वाटला. थंडीत उघड्यावर झोपतील, पण आईच्या पाठीला लागून झोपतील.

तुझ्या आईंचा फोन येतो. "माय, राग धरून बसू नको. त्यो बी कोमेजून राह्यला," असं त्या म्हणतात. तू दर रविवारी विहारात जातोस, पुढे बसतोस, वंदना सगळ्यात खड्या आवाजात म्हणतोस, हेही त्या सांगतात. विहारातून तू थेट पाण्यावर जातोस, हे त्या सांगत नाहीत. मला माहीत आहे. आपल्या लग्नानंतर तुझे बाबा तुला म्हणाले होते की शील घेतो आणि मासे मारतो, हे कसं रे? तू त्यांना घेऊन गेलास, गळाची दाबलेली अणी दाखवलीस, एक रोहू त्यांच्यासमोर धरून सोडलास. बाबा म्हणाले, बराबर हाय, जीव तर गेला न्हाई. त्या दिवशी तू किती खूश होतास. मलाही पटलं होतं. पहिलं शील, जीव न घेण्याचं, तू पाळतोस, यात मला आजही शंका नाही. पण त्याच्या पुढचंच शील आहे, जे दिलेलं नाही ते घेऊ नये. त्यावर आपण कधी बोललो नाही. त्या मरळीने तुला काय दिलं होतं? तुला तिचं मांस नको होतं, हे खरं. तुला तिची ओढ हवी होती. दोरी ताणली जाते तेव्हा पलीकडून जीव खाऊन कुणीतरी ओढतं, ते तुला तुझ्या मनगटात हवं होतं. तेवढं घेऊन तू बाकीची मरळ परत केलीस.

अर्पिताला तू एकदाच पाण्यावर नेलं होतंस. मार्च असेल. ती संस्थेतून आपल्याकडे येऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. मी तिला माझी जुनी ओढणी डोक्याला बांधली होती. तू चिलापी धरलीस, तिला हात लावू दिलास, सोडलीस. तिने विचारलं, ती घरी गेली? तू म्हणालास, हो, तिच्या घरी. आपण पुन्हा धरायची? हो, मोठी झाली की पुन्हा धरू. तिने पाण्यात बोट बुडवलं. मग म्हणाली, "तिला माहीत हाय का?" तू म्हणालास, काय? "आपण परत येणार ते." तू खो खो हसलास, आणि घरी येऊन आईंना सांगितलंस, पोरगी हुशार आहे.

ती हुशार होती. सहा वर्षांची मुलगी भाकरीचे तुकडे उशीच्या खोळीत ठेवायची आणि रोज मोजायची. मी न्हाणीत गेले की दाराशी बसायची आणि दाराखालून बोटं आत घालायची. मी आतून त्या बोटांना बोट लावायचं, मग ती गप्प व्हायची. रात्री दिवा मालवला की ओरडायची. तुझ्या आईंनी खोळ धुवायला काढली आणि तुकडे फेकले, तेव्हा ती त्यांच्या हाताला चावली. रक्त आलं. "देवा, हिचा जीव इथं लागून न्हाई राह्यला," आई म्हणाल्या. "तिला तिच्या पोरांतच बरं वाटंल." त्या रागाने म्हणाल्या नाहीत. हाताला हळद लावत म्हणाल्या. तू त्या रात्री मला समजावलंस. तिला इथे श्वास घेता येत नाही. आपण तिला आपल्या हौसेसाठी तिच्या पाण्याबाहेर धरून ठेवलंय. जेवढा उशीर तेवढी इजा. अजून दत्तकाचा शेवटचा हुकूम झालेला नाही, संस्थेला रीतसर कळवू, तिला नीट समजावून सांगू, आणि सोडू. तू असंच म्हणालास, पाण्याबाहेर. तू खोटं बोलत नव्हतास. तुझे डोळे भरले होते.

आणि तू सगळं नीट केलंस. संस्थेच्या ताईंना दोनदा भेटलास. डॉक्टरांचे कागद लावलेस. तिची बॅग भरलीस, नवे कपडे वर, जुने खाली. गाडीत तिला आवडतं म्हणून खिडकी उघडी ठेवलीस. सही दोघांची आहे, ते मी विसरलेले नाही. फाटकाशी मी तिचा हात सोडला. ती आत गेली. व्हरांड्यात मुलांच्या चपला ओळीने होत्या. तिने बूट काढले, त्या ओळीत ठेवले, एक सरळ केला आणि आत गेली. मागे बघितलं नाही. गाडी हमरस्त्याला लागल्यावर तू म्हणालास, "बघितलंस? जशी होती तशी गेली."

म्हणून ऑगस्टमध्ये पाण्यात उभा राहून तू ते वाक्य पुन्हा बोललास तेव्हा मी फोन तुझ्या पिशवीत ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. तुला वाटलं, ऊन लागलं. तू मला लिंबूपाणी आणून दिलंस.

देवानंद, तुझ्याइतकं जपून मासा धरणारं माणूस मी पाहिलेलं नाही. तेच मला सहन होत नाही. गिरिजाबाईच्या घरी मासा मरतो, त्याचे खवले अंगणात पडतात, घरभर वास येतो, तिला हात राखेने घासावे लागतात. आपल्या हातांना काहीच लागलं नाही. तू म्हणतोस, सोडलेले बहुतेक जगतात. जगत असतील. ते खाली जाऊन काय करतात, ते तुला माहीत नाही आणि मलाही नाही. ते पुन्हा वर येतात की नाही, वरची सावली पडली की काय करतात, कुणाला माहीत. पाणी मिटलं की आपण त्याला सुटका म्हणतो. मी रोज संध्याकाळी इथे ओट्यावर बसते आणि एवढाच विचार करते. त्यातून काही निघत नाही. शाळेतल्या बाया म्हणतात, दुसरं मूल मिळेल, अर्ज करा. त्यांचं चुकत नाही. मला कुठलंच मूल हातात घ्यायची भीती वाटते.

मी एकदा संस्थेत फोन केला होता, तुला न सांगता. तिला परत आणता येईल का, एवढंच विचारलं. ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आता ते होणार नाही, तुमचं नाव तिच्या कागदांवरून गेलं. ती कशी आहे, विचारलं. बरी आहे, म्हणाल्या. पहिले काही आठवडे गाडीचा आवाज आला की फाटकाकडे पळायची. आता पळत नाही.

हे पत्र का लिहिते आहे ते आता सांगते. परवा रविवारी तुझा वाढदिवस. तुझा निरोप काल मिळाला. तुझ्या बियाण्यांच्या कंपनीतर्फे मुलांना जेवण द्यायचं ठरलंय, आणि ते तू त्याच संस्थेत ठेवलंस. कंपनीचं नाव असल्याने तिथे कुणी अडवणार नाही. तू लिहिलंस, "लांबून दिसेल. वाढताना एकदा समोर येईल. तू पण ये. तिला त्रास होईल असं काही करणार नाही." फोनवर तू मला समजावतोस आणि मला पटतं, म्हणून फोन केला नाही. उद्या शनिवारी शाळा सकाळची. दुपारी आमचे हरिओम सर जालन्याला जातात, ते हे पत्र तुझ्या हातात देतील. जाऊ नकोस. जेवण पाठव, पैसे पाठव, स्वतः जाऊ नकोस. तुला ती आठवते, मलाही आठवते, तरी जाऊ नकोस. तिला परत आणणं आपल्या हातात उरलेलं नाही. पुन्हा न धरणं तेवढं आहे. तुझ्याकडे मागण्यासारखं मला एवढंच आहे. एवढं केलंस तर मी जालन्याला येईन. आपण बोलू किंवा बोलणार नाही, पण एका घरात बसू.

आईंसमोर तुला अहो म्हणणारी, इथे तुझीच,
संध्या

शनिवार. शाळा सुटली, सरांच्या हाती हे पत्र देणार तेवढ्यात तुझा फोन आला. रविवारी तिथे दुसऱ्या कुणाच्या बारशाचं जेवण होतं, म्हणून तुमचा आज सकाळचा नाश्ता घेतला. पोहे आणि जिलेबी. अर्पिताने तुझ्या हातून जिलेबी घेतली आणि बाकीच्या मुलांबरोबर "थँक्यू सर" म्हणाली. तुला बरं वाटलं. फोटो झाले. तुम्ही निघालात. फाटकातून गाडी वळवताना तुला आरशात मागच्या सीटवर ती बसलेली दिसली. तू गाडी थांबवलीस, तिला उचललंस, आत नेऊन सोडलंस. ती रडली नाही, हे तू मला दोनदा सांगितलंस.