गोळी पुन्हा सुरू केल्यावर

६ जानेवारी
केली सुरू उदासीची गोळी! आधी अर्धीच. दिवाळीत बरं वाटलं म्हणून माझी मीच बंद केली होती— आणि महिन्याभरात परत तेच, अंथरुणातून उठवेना. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "गौतमी, सुरुवातीला मळमळेल, झोप बिघडेल. वेगळं काही वाटलं तर लगेच फोन कर."
आई म्हणाली, "घे बाई. पर नीट घे."

८ जानेवारी
मळमळ. तोंड कोरडं ठाक. हात थरथरतात. कंपनीत पार्ट तपासताना इतक्या जांभया, की शेजारची साधना म्हणाली, "अगं, मलापण लागल्या!" चालेल. सोसते.

१३ जानेवारी
आजपासून पूर्ण गोळी. मळमळ गेली. भाकरी गोड लागली!

१७ जानेवारी
काय सांगू! सगळं लख्ख दिसतंय. तोच घोटावडे फाटा, तेच डंपर, तीच धूळ— आणि मी स्कूटीवर मोठ्याने गातेय! झोप फार लागत नाही, पण थकवाच नाही. उजाडायच्या आत झाडून, पुसून, भांडी घासून मोकळी. साधना म्हणाली, "कुठली बॅटरी टाकलीस गं?"

२० जानेवारी
ठरलं! नोकरी सोडायची, हिंजवडीत डबे पुरवायचे. एवढी माणसं, सगळी भुकेली! आईला सांगत होते, तर मध्येच म्हणते, "श्वास तरी घे की पोरी. लई बोलतीयास." घाबरट! दादाला सारखे फोन केले. शेवटी उचलेनाच. वेडा!

२२ जानेवारी
दिला राजीनामा!! साहेब बघतच राहिले. साधना रडायला लागली— तिला म्हटलं, तूच माझी पार्टनर!
घरी आले तर आईने डॉक्टरबाईंना फोन केलेला, माझ्या परस्पर! कडाकडा भांडले. उद्या दवाखान्यात जायचं म्हणे. जाईन की! बाईंना डब्यांचंच सांगते, खूश होतील.

२३ जानेवारी
गोळी बंद. हा उत्साह गोळीने चढलाय, म्हणाल्या. राजीनामा परत घे, म्हणाल्या. मग विचारलं, "घरात आधी कुणाला असं व्हायचं?"
मी म्हटलं, "नाही."
आई म्हणाली, "व्हय. हिच्या बापाला. असाच रातभर हसायचा, नवी घरं आखायचा. मग म्हैना म्हैना भिताडाकडं तोंड करून पडायचा."
डॉक्टरबाई लिहायच्या थांबल्या. "मग हा नुसता उदासीचा आजार नसावा. आपल्याला सगळं पहिल्यापासून बघावं लागेल."
मी लहान असतानाच बाबा गेले. त्यांचं हे मला आज कळलं.