काळी पाच

प्रिय रूपाली,

तुझा नंबर आहे माझ्याकडे, तुझ्या आईनं, साळूमावशींनीच दिला. पण फोनवर तू नुसतं "बोल" म्हणालीस, तरी मला पुढं बोलता येणार नाही. म्हणून लिहिते आहे.

गेल्या महिन्यात मी वाटूरला येऊन गेले. तू अंगणवाडीच्या मीटिंगला परतूरला गेल्तीस. मावशींनी चहा केला. मी तुझ्या गाण्याचं विचारलं, तर म्हणाल्या, "आता लेकरांपुरतंच गाती. जयंतीलाबी गायला उभी राहत न्हाई." तू येईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, पण चार वाजता उठले आणि मिळेल त्या गाडीनं जालन्याला परत आले.

नवीन जालन्यात मी आता गाण्याचा क्लास घेते. खाली बियाणांचं दुकान, वर आम्ही. पेटी उघडली की अजूनही बोट आधी काळी पाचच्या पट्टीवर जातं. तो तुझा सूर. कॉलेजात तास संपले की आपण मागच्या खोलीत बसायचो. शेवटची एसटी सुटेल म्हणून मी घाई करायचे आणि तू म्हणायचीस, "जाऊ दे ना गंधे, अजून एकदा. मी गाऊन राह्यले ना." तसं हट्टानं मला आता कुणी थांबवत नाही.

पुण्याचं रेकॉर्डिंग आठवायचं नाही असं तू ठरवलं असशील. गाण्याची चाल माझी, आवाज तुझा. कंपनीच्या साहेबांनी तुझा आवाज ऐकून मान डोलावली, मग आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि त्यानंतर ते तुझ्याशी थेट बोललेच नाहीत. दोन महिन्यांनी व्हिडिओ आला. त्यात एक गोरी मुलगी ओठ हलवत होती आणि गायिका म्हणून नावही तिचंच. वाटूरच्या फाट्यावर कुणाच्या तरी मोबाइलवर तू ते पाहिलंस आणि मला फोन केलास. त्यानंतर आठ वर्षं आपण बोललो नाही.

आता बातमी. दिवाळीनंतर त्याच कंपनीला ते गाणं नव्यानं काढायचं होतं. मला बोलावलं. मी म्हटलं, आधी जुन्या गाण्यावर रूपाली साळवे हे नाव लावा, मग पेटीला हात लावीन. साहेब हसले. ढोलकीवर आपले कलीमभाई होते. ते म्हणाले, "बाई बराबर बोलतात," आणि ढोलकी पिशवीत घालून उठले. मग बासरीवालाही उठला. पुढचे तीन महिने आम्हा तिघांनाही तिथून काम आलं नाही. पण इतर वादकही नकार देऊ लागले आणि गेल्या सोमवारी तुझं नाव लागलं. मोबाइलवर बघ, आहे.

तेव्हापासून मला फोन येत आहेत. गंधालीताई, तुम्ही मैत्रिणीसाठी उभ्या राहिलात, असं लोक म्हणतात. पुढच्या आठवड्यात एका सभेत माझा सत्कार ठरलाय. तो मला घेववत नाही. पुण्याच्या रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टुडिओत तू पाणी प्यायला बाहेर गेल्तीस, तेव्हा साहेबांनी मला विचारलं होतं, "आवाज सोन्यासारखा आहे, पण हा रंग आणि हे आडनाव आमच्याकडे चालत नाही. चेहरा, नाव दुसरं घेतो. गाणं तुमचं आहे, तुमची हरकत?" मी म्हटलं, "चालेल." माझं पहिलंच गाणं होतं, ते जाईल अशी भीती वाटली. तू आत आलीस, माझ्याकडे पाहून हसलीस आणि गायलीस. पुढं तुझा फोन आला तेव्हा, मलाही आत्ताच कळलं, असं मी तुला सांगितलं. सत्काराच्या जागी मी हेच सांगणार आहे. लोकांकडून ते तुझ्या कानावर जायच्या आधी माझ्याकडून जावं, म्हणून हे पत्र. उत्तर दे असं म्हणायचा हक्क मला नाही. पण तुझा आवाज ऐकून आठ वर्षं झाली गं.

अजूनही स्वतःला तुझीच म्हणवणारी,
गंधाली