झारी खुंटीलाच होती

गडमुडशिंगी,
रविवार, ता. ८ फेब्रुवारी २०२६

चि. निशिगंधा,
अनेक आशीर्वाद.

नावाआधी सौ. लिहावं की नुसतं चि., यातच दोन कागद वाया गेले. शेवटी चि. लिहिलं, ते काही कोर्टात जाऊन सुटत नाही. तुझी तब्येत बरी आहे ना? आई-बाबांना माझा नमस्कार सांग, घेतील तर. चंदगडला अजून थंडी असेल. इथं ऊन तापायला लागलंय. माझे गुडघे कुरकुरतात, पण गच्चीचा जिना चढू देतात.

आधी झाडांचं सांगते, तेच सोपं आहे. आपल्या क्रॅसुलाच्या, त्या जाड पानांच्या झाडांच्या, आता त्रेसष्ट कुंड्या झाल्या. कुंड्या कसल्या, श्रीखंडाचे डबे आणि कान तुटलेले कप. जेड डब्यात मावेना म्हणून घमेल्यात लावलं. तू जिला बटणाची माळ म्हणायचीस, ती पत्र्याखालून बाहेर डोकावून उन्हानं लाल झालीय. शेजारची धोंडुबाई परवा तीन फांद्या मागून घेऊन गेली. दिल्या. पण मागून नेलेलं रोप रुसतं, चोरून नेलेलंच लागतं. बघू तिच्याकडं काय करतंय.

तुझी पहिली चोरी आठवते का गं? लग्नाला चार दिवस झाले नव्हते. परतणीला माहेरी निघालीस आणि जाता जाता जेडचं टोक खुडून पदराखाली दडवलंस. मी बघितलं आणि मुद्दाम पाठ फिरवली. मनात म्हटलं, अगं बाई, सून आणली म्हणता म्हणता चोरच आणला की घरात! त्या दिवसापासून तू मला आवडलीस. तुमच्या अंगणातलं जेड तेच ना? मोठं झालं असेल.

आणि पुष्पप्रदर्शनात खाली पडलेलं ते पान! चष्म्याच्या डबीत टाकलं आणि विसरले. तीन आठवड्यांनी डबी उघडली तर पानाला मुळं. आपण दोघी सोप्यात बसून पोट धरून हसलो. सम्राट म्हणाला, "याड लागलंय दोघींस्नी." लागलंच होतं की. आता एकटीला लागलंय तर लोक म्हातारचळ म्हणतात.

संध्याकाळी वर जाते, एकेक डबा उन्हाकडं फिरवते, काही नवीन फुटलेलं दिसलं की "निशे, हे बघ" म्हणून वळते. मागं कुणी नसतं. सात महिने झाले, सवय जाईना. पोरगा घरात आहे, जेवतो, कामाला जातो, पण घरात कुणी बोलणारं नाही. फार आठवण येते गं तुझी. फोन हातात घेते आणि ठेवते. फोनवर मी काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली असती.

असो. किती वेळ झाडांच्या आड लपू?

आषाढातल्या त्या बैठकीचं बोलते. सोप्यात दहा-बारा माणसं बसली होती. थोरल्या भाऊजींनी मला विचारलं, "शालन, तू घरातच हुतीस न्हवं? पोरानं हात उचलला का न्हाय, सांग." आणि मी म्हणाले, "मला काय ठावं न्हाय. मी गच्चीवर झाडांस्नी पाणी घालत हुते."

सगळ्यांनी माना हलवल्या. बाई पत्र्याखालच्या झाडांना पाणी घालत होती, त्यात काय नवल! पण आपल्या झाडांना पावसाळ्यात पाण्याचा थेंब दाखवायचा नाही, हे त्या खोलीत दोघींनाच माहीत होतं. पहिल्या वर्षी मायेपोटी पाणी घालून घालून सहा डबे मी कुजवले होते, म्हणून दर मिरगाला तू झारी काढून घ्यायचीस आणि सोप्यातल्या खुंटीला वर टांगायचीस. त्या दिवशीही ती तिथंच होती. भाऊजींच्या डोक्यावर. कोळ्यानं जाळं धरलेलं होतं तिला.

तू झारीकडं बघितलंस. मग माझ्याकडं बघितलंस. पिशवी उचललीस आणि गेलीस. एकही डबा नेला नाहीस. तू ओरडली असतीस, मला खोटारडी म्हणाली असतीस, तर बरं झालं असतं बाई.

मार झाला त्या दिवशी मी जिन्यात होते. खालून तिसऱ्या पायरीवर. त्यानं तुला दोनदा मारलं. तू "आई" म्हणून हाक मारलीस. मी ऐकलं, आणि खाली आले नाही. पोराची भीती वाटली की चारचौघांची, मला अजून कळलेलं नाही. पण हाक मला मारली होती, तुझ्या आईला नव्हे, एवढं तेव्हाही कळलं होतं.

आता सव्वीस तारखेला तुझ्या केसची तारीख आहे. सम्राट रोज रात्री जेवताना मला शिकवतो, "आई, ज्यादा बोलू नको. गच्चीवर हुते, एवढंच सांग." वकिलानंही तेच सांगितलंय. माझी आक्का म्हणते, पोटच्या पोराविरुद्ध कोण जातं? मी जाणार आहे. त्यानंतर या घरात माझं काय होईल, ठाऊक नाही. भीती वाटते. पण मी सांगणार आहे. कोर्टात माझी जीभ अडखळली, तर हे पत्र पुढं कर. त्यासाठीच लिहिलंय.

सोबतच्या डब्यात नऊ टोकं आहेत. कापून आठवडाभर सावलीत वाळवलीत. तिकडं लावल्यावर लगेच पाणी घालू नको, हे मी तुला काय सांगायचं! आणि ही मी दिलेली नाहीत हं. मी पाठ करून बसले होते, तू चोरलीस.

खाली "तुझी आई" लिहायला हात गेला होता. पण विचारतील, कोण आई, कुणाची आई. म्हणून पुऱ्या नावानं सही करते.

शालन आकाराम चौगले
रा. गडमुडशिंगी
त्या दिवशी गच्चीवर नव्हते. जिन्यात होते.